दहावा लॅप

शनिवारी संध्याकाळी टँकरवाल्यानं पाणी जास्त मारलं.
तिसऱ्या वळणाला, जिथं खाणीची उतरण मैदानात घुसते,
तिथं राडा झाला. रात्रीत वाळेल, म्हणाले.
फेब्रुवारी आहे.

मी बावीस वर्षं लॅप मोजते.
आठवडाभर पर्वतीच्या पोस्टात रजिस्टरं, मनीऑर्डरी,
आणि असे शनिवार-रविवार वाघोलीत, बांबूच्या मचाणावर,
मांडीवर वही, हातात एक पेन्सिल,
दुसरी अंबाड्यात.
भाऊ स्कूटर पळवायचा तेव्हा लागलेली सवय.
त्यानं सोडलं. माझं राहिलं.

या मोसमात दोघंच उरलेत.
तेरा नंबर झुबिन, कॅम्पातला.
सरावात दुहेरी उडीवरून आडवा आला,
करंगळी शेजारच्या बोटाला बांधून परत उभा.
अठरा नंबर प्रल्हाद गव्हाणे, भोसरीचा.
त्याची आई तंबूमागं स्टोव्ह पेटवून पोहे करते
आणि झेंडा पडला की ट्रॅककडं पाठ करून बसते.
झुबिन तीन गुणांनी पुढं.
ही फेरी, मग नाशिक, मग संपलं.

रविवारी चौथ्या लॅपला जनरेटर बसला.
चिप, सेन्सर, तो भिंतीएवढा पडदा, सगळं काळं.
साहेबांनी खालून हात केला: बाई, वही!
वही चालूच होती. ती बंद कधी होती?

पाच: तेरा, अठरा.
सहा: तेरा, अठरा.
सातव्याला दोन्ही आकडे एका श्वासात लिहिले.
आठ, नऊ, तसंच.
दहाव्याला ते तिसऱ्या वळणातून एकत्र निघाले,
डोक्यापासून चाकापर्यंत चिखल.
आठाच्या डाव्या अंगाला चिखल बसला
की त्याचा तीन होतो.
पुढचा तेरा होता.
मागचाही तेरा होता.
हातानं लिहिलं: अठरा, तेरा.
का, ते हाताला ठाऊक.

अकराव्यात तिसऱ्या नंबरचा पोरगा उडीवर उलटला.
लाल झेंडा. पोरगा उठला, लंगडत बाजूला गेला.
नियम असा: शेवटचा पूर्ण लॅप धरायचा.
म्हणजे दहावा.
म्हणजे मी.

मचाणाखाली माणसं जमली.
नाना पेठेतले बशीरभाई, कोपरापर्यंत काळे,
झुबिनच्या गाडीचा एकेक स्क्रू ओळखणारे.
प्रल्हादचा मामा, कडक टोपी, कडक आवाज.
वाचा, बाई, वाचा.
मी एक ते नऊ वाचलं आणि थांबले.
मामा चार पायऱ्या चढून वर आला, वाकून बघितलं:
अठरा आहे की पुढं! लिहिलंय की!
म्हटलं, लिहिलंय.
मला दिसलं नाही.

न पोचलेलं रजिस्टर पोचलं म्हणून
आजवर सही केली नाही,
एवढंच सांगता आलं असतं. तेही सांगितलं नाही.

साहेबांनी नववा धरला. तिनाचे सहा झाले.
कुणीतरी पाण्याची पिशवी भिरकावली,
ती मचाणाच्या पायाला लागून फुटली.
मामा जे बोलला ते या वहीत नको.
बशीरभाई मात्र हसले नाहीत, हात पुसत निघून गेले.

तंबू उतरत होते तेव्हा प्रल्हाद आला.
डोळ्यांभोवती गॉगलची गोरी खूण, बाकी सगळा माती.
होतास का रे पुढं?
तो जरा वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळला.
काच भरली होती, बाई. आवाजावर चालवत होतो.
डावीकडं एक इंजिन होतं.
पुढं का मागं, ते...
आणि आईनं दिलेली ताटली माझ्यासमोर धरली.
पोहे गार. लिंबू संपलेलं.

बसमध्ये वही उघडली नाही.
पर्समध्ये खोडरबर होतं, तेही हाताला लागत होतं.
खराडीच्या सिग्नलला मागं कुणाची तरी बुलेट धडधडली
आणि मी मान न वळवता
ती डावीकडं आहे की उजवीकडं ते ऐकत बसले.

कंडक्टरनं विचारलं, कुठं?
अठरा, म्हणाले मी.
म्हणजे, स्वारगेट.